संकष्टीला बाबिलोन पडलं

"म्हणजे बाबिलोन पडलं म्हण की," शेगुलामावशी म्हणाल्या आणि त्यांनी चहात आणखी एक चमचा साखर ढकलली.

सुनेत्राला काही कळेना. ती आपली नवऱ्याची बातमी सांगायला दुबईतल्या त्यांच्याच बिल्डिंगमधल्या समोरच्या फ्लॅटमध्ये आली होती. शारजातल्या ज्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात राजन मॅनेजर होता, ते बगदादच्या म्हाताऱ्या अरबाबने, म्हणजे मालकाने, एका इराण्याला विकून टाकलं होतं. म्हातारा राजनला सोडतच नसे. राजीनामा दिला की, हबीबी, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला, असं म्हणून चहा पाजायचा. नवा मालक शिराझचा. त्याने आल्या आल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं, ज्याला देशी परतायचंय त्याने खुशाल परतावं, सामानाचा कंटेनर माझ्याकडून.

शेगुलामावशी अलिबागकडच्या बेने इस्राएल. धर्माने ज्यू, मराठी मात्र सुनेत्रापेक्षा खणखणीत. पुराणातल्या गोष्टी सांगताना त्या देवाचीही भीड ठेवत नसत. त्यांनी समजावलं, बाबिलोन म्हणजे बगदादच्या शेजारीच. तिथल्या राजाने यरुशलेम जाळलं आणि मावशींच्या पूर्वजांना गुरांसारखं हाकत नेलं. दोन पिढ्या सगळे नदीकाठी बसून रडले. मग इराणचा कोरेश बादशहा आला. त्याने बाबिलोन घशात घातलं आणि म्हणाला, जा बाबांनो घरी, तुमचं देऊळ बांधा. लुटून आणलेली देवाची भांडीसुद्धा मोजून परत दिली.

"तुझा शिराझवाला त्याचा गाववालाच की गं."

सुनेत्राच्या अंगावर काटा आला. नेमकी आज संकष्टी. लेक मिहिका पाळण्यात होती तेव्हापासून तिने एकही संकष्टी चुकवली नव्हती. चंद्र दिसला की ती पुण्याला सासूबाईंना फोन, आणि पुढे बोटिम अ‍ॅपवर व्हिडिओ लावायची, निरांजन ओवाळायची आणि भरल्या गळ्याने मागणं मागायची: गजानना, आम्हाला आमच्या माणसांत ने. पलीकडे सासूबाई पदर डोळ्यांना लावायच्या. आता मिहिका कॉलेजात होती.

"मग सगळे धावतच सुटले असतील," ती म्हणाली.

"कुठले! मूठभर गेले. बाकीच्यांची तिथे घरं झालेली, दुकानं चाललेली, सुना आपापल्या घरच्या राण्या झालेल्या. त्यांनी देवळाला भरघोस वर्गणी दिली आणि जाणाऱ्यांना वेशीपर्यंत पोचवून आले."

सुनेत्राला संतापच आला. इतकी वर्षं गळे काढायचे आणि दार उघडलं की बूड हलवायचं नाही, ही कसली भक्ती, असं ती ताडकन बोलून गेली. मावशींनी बरं बाई म्हटलं आणि बशीत चहा ओतला.

दुपारी दूर्वा-फुलं आणायला ती स्वतः गाडी घेऊन बर दुबईच्या बाजारात गेली. शेख झायेद रोडवर काचा लावून जोरजोरात गाणी म्हणाली. मग उगाच पुण्याचं घर आठवलं. तिथे स्वयंपाकघर एकच, आणि त्यातला प्रत्येक डबा जाऊबाईंच्या ताब्यात. दारातच सासूबाईंची खुर्ची. कुठे चाललीस, कधी येशील, हीच साडी का. फुलं घेतल्यावर ती गाडीत थोडा वेळ नुसतीच बसून राहिली.

राजन त्या दिवशी लवकर आला. शारजाचा ट्रॅफिकही जणू त्याला वाट देऊन मोकळा झाला होता. बूट न काढता तो सोफ्यावर बसला.

"खलास. सांगून आलो, जातो म्हणून."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो गंभीर होता. नवा अरबाब उलट थांब म्हणत होता, असं त्याने सांगितलं. त्याला स्वतःलाही इथे अजून दहा वर्षं चाललं असतं. पण सुनेत्राचे उपास त्याला बघवेनात. आईलाही त्याने रस्त्यातूनच कळवलं होतं. ती फोनवर रडली.

"तुझ्यासाठी केलं, सुनेत्रा."

"बरं झालं हो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

चंद्र बिल्डिंगच्या वर आला. तिने फोन बंद करून उशीखाली सारला. देवघराच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं, निरांजन लावलं आणि हात जोडले. आज पहिल्यांदाच ती देवाशी कुजबुजत बोलली.

"गजानना, ते मागणं सासूबाईंसाठी होतं रे. तू कशाला मनावर घेतलंस?"