भिंगावरचा मोजा

"हा चित्रपट मी काढलेला नाही," गास्तों म्हणाला. पण समोरच्या पडद्यावरचा उजेड तर त्याचाच होता.

खिडकीतून डावीकडून येणारा, सायीसारखा मऊ उजेड. पलंगावरची दोघं एकमेकांजवळ सरकली की कॅमेरा सभ्य पाहुण्यासारखी मान वळवायचा. आधी भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदाकडे, मग आरशाकडे. आरशात एखादा खांदा, एखादा हात, बस. सत्तरच्या दशकात पॅरिसमध्ये असले फक्त प्रौढांसाठीचे चित्रपट ढिगाने निघाले. पण बघून आल्यावर उघड्या अंगाऐवजी चादरीच्या चुण्या आठवत राहाव्यात, ही करामत एकाच छायाचित्रकाराची. नावांच्या यादीत तो रेमी लाव्हाल असायचा. त्या धंद्यात खरं नाव कोणी लावत नसे. गास्तोंची आई मरेपर्यंत समजत होती की आपला मुलगा शेतकी खात्यासाठी गायींचे माहितीपट काढतो.

मार्न नदीकाठच्या या प्रयोगशाळेत सोलेन जुन्या फिती धुऊनपुसून नव्यासारख्या करायची. रेमी लाव्हालचे अकरा चित्रपट तिने गोळा केले होते आणि ते आपलेच असल्याचं गास्तोंने आनंदाने लिहून दिलं होतं. हा बारावा एका गोदामात सापडला. पुढच्या महिन्यात सगळे एकत्र दाखवायचे होते, पहिल्यांदाच त्याच्या खऱ्या नावाने. त्यासाठी यालाही त्याची सही हवी होती.

"आणि खरं सांगू का," सोलेन म्हणाली, "बाराही चित्रपटांत हाच सगळ्यात सुंदर आहे."

गास्तोंला ते लागलं. माणूस आपलं भिकार काम विसरतो, हे समजण्यासारखं आहे. सगळ्यात चांगलं काम कसं विसरेल? त्याला एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. हल्ली किल्ल्या सापडत नव्हत्या, लेकीला दोनदा बहिणीच्या नावाने हाक मारून झाली होती. मंगळवारी स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि त्या मंगळवारची त्याला मनापासून भीती वाटत होती.

"कधीचा म्हणालात?" त्याने विचारलं.

"डब्यावर मार्च शहात्तर लिहिलंय."

तो बायकोकडे वळला. ओदिल शेजारच्या खुर्चीत क्लेमेंटाइनचं छोटं संत्रं सोलत बसली होती. "मला मूतखड्यासाठी इस्पितळात ठेवलं होतं, ते तेव्हाच ना गं?"

"ते पंच्याहत्तर," ओदिल म्हणाली आणि तिने एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

चित्रात ते धुकं कसं यायचं, असं सोलेनने विचारलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला. हे त्याला पक्कं आठवत होतं. तलम काळा पायमोजा कापायचा आणि भिंगावर ताणून बांधायचा. दुकानातला कोरा चालत नाही, घालून सैलावलेला लागतो. मोजा कायम ओदिलचाच. सगळ्या चित्रपटांत ती त्याची मदतनीस होती. फीत भरायची, अंतर मोजायची. सकाळी एका पायातला मोजा काढून द्यायची आणि दिवसभर तशीच वावरायची.

"छायाचित्रण माझं, मोजा हिचा," तो म्हणाला. चाळीस वर्षं प्रत्येक मेजवानीत तो हे म्हणत आला होता आणि दर वेळी हशा पिकायचा. सोलेन हसली. ओदिलही सवयीने हसली.

त्याचा आणखी एक नियम होता. आरसा हवा, पण आरशात आपण दिसता कामा नये. दिसलो तर तेवढा तुकडा कापून टाकायचा.

चित्रपट पुढे सरकत राहिला आणि गास्तोंला काही म्हणता काही आठवेना. ना ते घर, ना पाठीवर तीळ असलेली ती मुलगी. एका ठिकाणी कॅमेरा खिडकीच्या पडद्याच्या सावलीमागून जमिनीवरून सरकत गेला आणि गळून पडलेल्या बुटाशी थांबला. नुसता थांबला. इतका वेळ थांबायचा धीर आपल्यात कधी होता? हा माणूस माझ्यापेक्षा चांगला होता, त्याच्या मनात आलं. आणि हा माणूस मीच होतो, आणि तोच माझ्याकडून हरवला.

दिवे लागले. सोलेनने कागद पुढे केला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा असणार? मंगळवारी डॉक्टरला सांगून टाकतो, डोकं गेलंय म्हणून. आणि ओदिल, लेकीला फोन कर. ती म्हणत होती त्या वृद्धाश्रमाचे कागद मागव. मी भांडणार नाही." पेनाचं टोपण त्याला उघडेना.

ओदिलचे हात थांबले. मांडीवरच्या साली तिने गोळा करून बाजूला ठेवल्या. मग तिने सोलेनला विचारलं, "शेवटच्या डब्यात एक लहान तुकडा होता ना? कापून बाजूला ठेवलेला?"

"होता," सोलेन चकित झाली. "दहा-बारा सेकंदांचा. आरशाचाच आहे, म्हणून टाकून दिला असणार. तुम्हाला कसं माहीत?"

"तेवढा लावा."

"फेकलेला तुकडा कशाला बघायचा?" गास्तों म्हणाला.

"बघ तर. सही नंतर कर."

पुन्हा अंधार झाला. तीच खोली. काम संपलं होतं, पलंगावरची दोघं अंगावर झगे चढवून सिगारेट ओढत होती. कॅमेरा सैलसर फिरला, आरशापाशी आला आणि थांबला. आरशात गास्तोंचा कॅमेरा होता. त्याच्या कुशीवरचा पोचा त्याने लगेच ओळखला. कॅमेऱ्यामागे कोणीतरी डोळा लावून वाकलं होतं, चेहरा पूर्ण झाकलेला. खोलीत आणखी कोणी नव्हतं. गास्तों पुढे झुकला आणि त्या आकृतीत आपले रुंद खांदे शोधू लागला. खांदे सापडेनात, तशी त्याची नजर खाली उतरली.

एका पायात काळा मोजा होता, दुसरा पाय उघडा.