फोटोतली बाई

"पाहून घ्या, नाईक. समद्या दुनियेनं पाह्यलं, आपणच राह्यलो होतो."

खेमसिंगने जुन्या साप्ताहिकाचं पान हिरासिंग नाईकाच्या मांडीवर पसरलं. लिंबाखाली नसाब बसली होती, म्हणजे तांड्याची पंचायत. पुरुष समोर, बाया मागे. दुपार कलली होती आणि कपाशी वेचायची सोडून सगळा तांडा हजर होता. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

हिरासिंगने फोटो डोळ्यांजवळ धरला. पॅरिसचा रस्ता, माणसंच माणसं, वर पताका. मधोमध तांड्यातली एक बाई नाचत होती. आरसे लावलेला घागरा फुललेला, ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली, कोपराच्या वर पांढरा चुडा, आणि तो हात एका टोपीवाल्या गोऱ्याच्या हातात.

नाईकाच्या कपाळाची शीर उडू लागली. सरकारने परदेशच्या सणासाठी नाचाचा ताफा मागितला, तेव्हा त्यानेच छाती फुगवून माणसं दिली होती. आमची माणसं विमानात बसली, हे तो फुलसावंगीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत होता. आता त्याच बाजारात हे पान फिरत होतं.

बाया तीन गेल्या होत्या. रुपीबाई साठीची, गाण्यापुरती नेलेली, गुडघे धरून चालणारी. मानीबाई खुद्द नाईकाची बायको, बायांवर लक्ष ठेवायला धाडलेली. उरली कोण? हंसाबाई, खेमसिंगच्या मेलेल्या भावाची बायको. वय तीस, तोंड फटकळ, हसणं पार नाल्यापलीकडे ऐकू जाणारं. पॅरिसात गडीमाणसं त्या दुपारी सामान घेऊन पुढे गेली होती. कपडे सरकारने तिघींना एकसारखेच शिवून दिले होते, तरी कोणाच्या मनात शंका म्हणून आली नाही.

"हंसा, उभी राह्य," हिरासिंग म्हणाला. "रस्त्यावर परक्याचा हात धरून नाचणं आपल्यात चालते का?"

हंसाबाई उभी राहिली. तिने मान काही खाली घातली नाही.

"तो रस्ता तुमी पाह्यला नाही, नाईक. त्यायच्या लोकायनं राजाचा तुरुंग फोडलता, त्याचा सण होता. रोटीवाला नाचे, पोलीस नाचे, काठी टेकत आलेली म्हातारी नाचे. आपली होळी नाही का? पण आपल्या होळीत बाईनं कुठं नाचाचं, किती नाचाचं, ते तुमी ठरवता. तिथं ठरवणारा कोणी नव्हता. त्यात नाचली एक बाई, तं काय बिघडलं?"

"म्हणजे कबूल," खेमसिंग म्हणाला.

"लाज वाटाची गोष्ट नाही, एवढंच म्हनलं मी."

"आन् चुडा?" खेमसिंगने फोटोवर बोट ठेवलं. "नवरा मेल्यावर चुडा घातला हिनं. हा दुसरा गुन्हा लिहून घ्या."

हंसाबाईने आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. तीन वर्षं ते तसेच होते. तिने ते ओढणीखाली घेतले. हिरासिंगला बरं वाटलं. कुठे तरी बाईची बोलती बंद झाली.

"माफी माग," तो म्हणाला. "पंचायच्या पाया पड. या खेपेले सोडून देतो."

"नाही मागत."

"तांड्याबाहेर काढीन तुले. घर जाईन, सहा एकर कपाशी जाईन."

खेमसिंगच्या मिशा हलल्या. ती सहा एकर कोणाच्या घशात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जाऊ द्या," हंसाबाई म्हणाली. "पण ते नाचणं वाईट होतं, असं माह्या तोंडातून निघणार नाही."

हिरासिंगला तिचा राग आला आणि, खरं सांगायचं तर, थोडी भीतीही वाटली. ही आज न वाकता गेली तर उद्या नाईकाला कोण विचारणार? साक्ष पाहिजे होती. त्याने बायांकडे नजर टाकली. मानीबाई पुढेच बसली होती, नेहमीसारखी गप्प. तीस वर्षांत तिने त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"तू संग होती. काय झालं ते सांग नसाबीले."

मानीबाई जागची हलली नाही. "सांगीन. पयले निकाल द्या."

"साक्षीच्या आधी निकाल?"

"फोटो हाय न तुमच्यापाशी. मंग माह्यावाचून काय अडलं?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. बायकोला त्या पोरीची दया येते आहे, आपल्या तोंडून तिचं वाईट होऊ नये म्हणून मागे सरते आहे, हे हिरासिंगने लगेच ओळखलं. बाईमाणसाचं काळीज मऊ, तो मनात म्हणाला. मग त्याने पागोटं सारखं केलं आणि आवाज चढवला. निकाल देताना त्याचा आवाज नेहमीच दुप्पट व्हायचा.

"ऐका. या फोटोतली बाई दिवस बुडाच्या आत तांड्याबाहेर निघन. तिले कोणी आग देणार नाही, पाणी देणार नाही. ती कोणाची सून हाय, कोणाची भावजय हाय, मी पाहत नाही. हा हिरासिंगचा शब्द हाय, आन् तो फिरत नाही."

पंचांनी माना डोलावल्या. खेमसिंगने तर हातच जोडले. हंसाबाई तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं, पण ती पाहत होती मानीबाईकडे.

"आता सांग," हिरासिंग म्हणाला.

मानीबाई उठली आणि घरात गेली. सगळे वाट पाहत बसले. ती बाहेर आली तेव्हा काखेत गाठोडं होतं. बायांच्या मधून, पंचांच्या मधून चालत ती नाईकासमोर येऊन उभी राहिली, ओढणी मागे सारलेली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच चारचौघांत उघड्या तोंडाने.

"त्या सायबाचा हात म्या धरलता," ती म्हणाली. "मी निघाली. सांजच्या भाकरी तुमच्या तुमी थापा."