मराठी आकडे

धरणाचे दरवाजे पाचला उघडणार होते. सव्वाचार झाले तरी तहसील कार्यालयात मृण्मयीचा प्रोग्राम गावोगावच्या याद्यांमधून फोन नंबर शोधतच बसला होता.

"मॅडम, लोकांना गाव सोडायचे मेसेज कधी जाणार?" तहसीलदारांचा आवाज चढला.

तिने प्रोग्राममधलं पायथनचं नेहमीचं रेजेक्स इंजिन, म्हणजे मजकुरातून ठरावीक नमुना शोधणारा भाग, काढून दुसरं, वेगवान इंजिन जोडलं. नऊ सेकंदांत नंबर निघाले, मेसेज सुटले. तहसीलदारांनी चहा मागवला.

चहा पिता पिता तिने अहवाल वाचला. तळाशी होतं, 'कासारखोरी : शून्य नंबर'. नदीला लागून असलेलं गाव, आणि एकाकडेही फोन नाही?

यादी उघडताच तिला कारण दिसलं. तिथल्या ग्रामसेवकांनी सगळे नंबर मराठी आकड्यांत टाइप केले होते. जुनं इंजिन ते ओळखायचं. नव्याला फक्त इंग्रजी आकडे कळत होते.

तिने मराठी आकडे शोधायच्या नमुन्यात घातले आणि कासारखोरीचे मेसेज सोडले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना ग्रामसेवकांचा फोन आला.

"निघालो आम्ही. पण मॅडम, पलीकडच्या गावाला अर्धा तास आधी मेसेज आला. आम्हालाच उशीर का?"

मराठी भाषा पंधरवड्यात याच मराठी आकड्यांसाठी ग्रामसेवकांना प्रशस्तिपत्र तिनेच मिळवून दिलं होतं.