चार दिवसांची सुट्टी

"सुटलंस गो बाय! आता जल्मात भायर बसणा नाय!" शेजारची सत्यवती म्हणाली, आणि खाटेवर बसलेली सुभद्रा हसली. हसावंच लागलं.

बेळगावला ऑपरेशन करून गर्भाशय काढलं, त्याला सहा आठवडे झाले होते. दुखणं पळालं, अंगावर तजेला आला. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांतीची मुदत आज संपली. उद्यापासून कळशी पुन्हा कमरेवर. कामाला सुभद्रा कधी भ्यायली नव्हती हो! पण महिन्याचे ते चार दिवस? मागच्या पडवीत चटई टाकून लोळायचं, आयती पेज प्यायची, दगडी गडग्यापलीकडे शेजारची कोणी बाहेर बसलेली असली की तिच्याशी पोटभर गप्पा हाणायच्या. चूल नाही, विहीर नाही, कोणाची हाक नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, सुट्टी मिळाली ती तेवढीच. तीही मेली ऑपरेशनात गेली.

सत्यवती आपल्या घरी वळली आणि सुभद्रेला रडूच फुटलं. तेवढ्यात सासू, आनंदीबाई, आत आली. म्हातारी जिभेची तिखट. सुभद्रेनं भीत भीत खरं काय ते सांगून टाकलं.

आनंदीबाईनं दार लोटलं आणि खाटेवर टेकली.

"माझा बंद झाला, तेव्हा तीन वर्सां मी कोणाक सांगूक नाय," ती कुजबुजली. "दर म्हयन्याक भायर बसलंय. तू रांधलंस, मी खाल्लंय."

"अगो आये!" सुभद्रेचे डोळे विस्फारले. एवढी वर्षं या बाईला ती देवभोळी समजत होती!

"रागावलंस?"

सुभद्रेला राग कसला येतोय! पोटावर हात दाबून ती हसत सुटली. हसून झाल्यावर आपणही तसंच करावं, असं तिच्या मनात आलं; पण लगेच चेहरा उतरला. "पण ह्यांका ऑपरेशनाचा म्हायत आसा."

"सत्यवानाक मी 'पोटातली गाठ काढली' इतक्याच सांगलंय."

"आणि गावात कोणी सांगला तर?"

"कोण सांगात? बायका?" म्हातारी गालात हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवान दात घासत अंगणात उभा होता. आनंदीबाई दारातून ओरडली, "सत्यवाना, कळशी घे नि पाणी हाड! सुभद्रेक कावळो शिवलो. चार दीस मी रांधतंय."

सत्यवान गोंधळला. "पण आये, डॉक्टर तर म्हणत होतो, आता तसला काय..."

"डॉक्टराक कावळ्याचा काय कळता?"