बोळाच्या तोंडचा दिवा

“आमच्या बोळातला तेवढा दिवा वाढवा, बाबा,” शालनआज्जी म्हणाल्या आणि पुन्हा सतरंजीवर बसल्या.

समाजमंदिरात मोहल्ला समितीची बैठक चालली होती. सांगलीच्या कडेची ही वसाहत नकाशात होती, कामांत नव्हती. गटारं तुंबलेली, घंटागाडी मनाला येईल तेव्हा येणार, आणि गस्तीची गाडी फक्त निवडणुकीत दिसणार. दर बैठकीत हेच बोलायचं, अध्यक्ष चिंतामणरावांनी मान डोलवायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

भरतेश मात्र मनापासून यायचा. आजही किराणा दुकान लवकर वाढवून तो आला होता. आज्जींच्या बोळातली भानगड त्याला ठाऊक होती. त्यांची नात ब्राह्मी बारावीला होती. संध्याकाळी ती क्लासहून परतायची तेव्हा बोळाच्या तोंडाशी टोळकं बसलेलं असायचं. शिट्ट्या, नको ते शब्द चालायचे, आणि परवा तर एकाने तिची ओढणी धरली होती. तिचे वडील आदगोंडा भांडून भांडून थकले होते. दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही तर पोरीला कवठे महांकाळला मामाकडे धाडायचं आणि स्थळ बघायचं, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं.

भरतेशची बहीण चंदना हिची शाळाही अशीच सुटली होती. माहेरी आली की ती अजून भाचरांची पुस्तकं चाळत बसते. ते भरतेशला बघवायचं नाही.

“पोरं नेमकी कुठं बसतात, आज्जी?” त्याने विचारलं.

“दिव्यापाशीच की. लय येळ उठत न्हाईत. दिवा वाढवला की मिटलं.”

“बरोबर आहे,” चिंतामणराव म्हणाले. “मिणमिणता दिवा म्हणजे टवाळांची चांदी.”

ठराव झाला. ठरावाला काय, कागद पुष्कळ असतो. पण भरतेश हात धुऊन मागे लागला. साहेब मीटिंगमध्ये, वायरमन रजेवर, मग दोघंही जागेवर पण शिडी दुसऱ्या वॉर्डात. अखेर एकदाचा जुना दिवा उतरला आणि दुप्पट उजेडाचा चढला. त्या दिवशी भरतेशला जेवणही गोड लागलं.

पुढच्या बैठकीला शालनआज्जी पुन्हा उभ्या राहिल्या.

“दिवा वाढवा म्हटलं व्हतं. अजून वाढवला न्हाई.”

भरतेशला वाईट वाटलं. एवढ्या खेपा घातल्या त्याचं हे फळ? “दुप्पट उजेडाचा लावलाय की, आज्जी!”

“पैल्यापरीस वाईट झालंय, बाबा. आता तर कॅरम मांडत्यात तितं. पोर घरात येऊन नुसती रडतीय.”

“मग अजून वाढवायलाच हवा.”

“त्येच म्हंतीया मी,” आज्जी म्हणाल्या. “तुझ्या पाया पडते, पर दिवाळीच्या आत वाढवा.”

म्हाताऱ्या बाईने पाया पडायची भाषा केली आणि भरतेश वरमला. पोलीस चौकीत जाऊन आला, तर तिथे लेखी तक्रार मागितली. लेखी तक्रार म्हणजे ब्राह्मीचं नाव गावभर. मग उरला एकच उपाय. दुकान बायकोवर टाकून तो टेबलामागून टेबलं फिरला, नको त्यांना नमस्कार केले, आणि बोळासाठी हायमास्ट मंजूर करून आणला. उंच खांब, वर चार मोठे दिवे. वसाहतीत आजवर असं काही झालं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर, दिवेलागणीला कार्यक्रम ठेवला. मागणी आज्जींची, तेव्हा मान त्यांचाच, असं भरतेशनेच सुचवलं होतं. आज्जी धुवट लुगडं नेसून आल्या. त्यांच्यामागे आदगोंडा, आणि त्यांच्याआड क्लासची सॅक पाठीला लावलेली ब्राह्मी.

“लय केलंस तू,” आदगोंडा भरतेशला म्हणाले. “आज हे मिटलं तर शिकू दे तिला. न्हाईतर माझाबी इलाज न्हाई गड्या.”

“मिटलंच समजा, अण्णा.”

वायरमनने खांबाची पेटी उघडली. भरतेशने आज्जींचा हात धरून पुढे नेलं.

“हा खटका दाबा.”

“ह्यानं वाढतोय?”

“एकदम वाढतोय.”

आज्जींनी डोक्यावर जळणाऱ्या दिव्याला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भरतेशलाही भरून आलं. चंदनाच्या वेळी कुणी एवढं केलं असतं तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं. आज्जींनी डोळे मिटून खटका दाबला.

बोळ भर दुपारसारखा लखलखला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. वायरमनने पेटीला कुलूप घातलं आणि मंडळी पांगली. तेवढ्यात पलीकडच्या कट्ट्यावरून शिट्टी आली. टोळकं कॅरम उचलून नव्या उजेडात येऊन बसलं. एकाने मोबाइल ब्राह्मीवर रोखला. “आता कसं क्लिअर येतंय!” तो ओरडला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

आदगोंडांनी लेकीच्या पाठीवरची सॅक काढून घेतली. “चल. उद्याच्या एस्टीनं मामाकडं,” ते म्हणाले. ब्राह्मी ओढणी सावरत त्यांच्यामागे चालू लागली.

शालनआज्जी कुलूप लावलेल्या पेटीपाशीच उभ्या होत्या. दोन्ही हातांनी ती ओढून बघत होत्या. भरतेश जवळ गेला तशी त्यांनी त्याची बाही धरली.

“वाढवा म्हनत व्हते रं मी,” त्या म्हणाल्या. “भरल्या घरच्या बाईनं जळत्या दिव्याला इझवा कसं म्हनायचं, बाळा?”