ओटीपी कोणालाही देऊ नका

जामनगरच्या बांधणी बाजारातल्या सगळ्या दुकानांचे कराचे कागद परिमलभाई वसावडा भरायचे, आणि सोयीसाठी पंधरा वर्षं त्यांनी सगळ्यांच्या खात्यांना स्वतःचाच मोबाइल नंबर जोडून ठेवला होता. या महिन्यात सरकारी पोर्टलने ती सोयच मोडीत काढली. आता ओटीपी थेट मालकाच्या मोबाइलवर. आज शेवटची तारीख, एकेचाळीस दुकानं बाकी, आणि अख्खा बाजार दुपारच्या वामकुक्षीला घरी गेलेला!

त्यांनी पहिला फोन त्यांतल्याच एका दुकानाच्या मालकीणबाई मंछाबेनना लावला. "बेन, मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत ना, तेवढे पटकन सांगा."

"मुडद्या, लाज नाही वाटत?" मंछाबेन कडाडल्या. "आमच्या परिमलभाईंनी मागच्याच महिन्यात बजावलंय, 'अगदी माझ्या आवाजात कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत!'"

फोन कट. पुन्हा लावला तर लागेचना. परिमलभाईंनी स्कूटर काढली आणि भर उन्हात मंछाबेनचं घर गाठलं. त्यांना धाप लागलेली पाहून मंछाबेननी आधी ताकाचा पेला हातात दिला.

"बरं झालं आलात, भाई. तुमचं नाव सांगून एक चोर फोन करत होता. मेल्याचा नंबरसुद्धा हुबेहूब तुमचाच!"

परिमलभाईंनी कपाळाला हात लावला.

"घाबरू नका हो! मी लगेच बाजाराच्या ग्रुपवर टाकलं. एकूण एक दुकानदाराने तो नंबर ब्लॉक केलाय."