पॅनलवरचं बोट

परवा सीझन सुरू होणार आणि उद्या कंट्रोल रूमच्या बारा ऑपरेटरांचं ट्रेनिंग. झरीजवळच्या सोयाबीन तेलाच्या प्लांटमध्ये सुकेशनी ऐंशी स्लाइड घेऊन बसली होती. नवी सेफ्टी इंजिनिअर. गेल्या सीझनच्या नोंदी तिनं कालच वाचल्या होत्या.

समोर आश्रुबा, वीस वर्षांपासूनचे ऑपरेटर, चहात खारी बुडवत होते.

"एवढं काय शिकवायलात, मॅडम? समद्यांना पाठ हाय. गॅस वाढला की अलार्म, अलार्म झाला की खाली माणूस धाडायचा. झालं की!"

"आणि नाही धाडला तर?"

"न्हाई कसा? खाली माझा जीवन हाय. पोटचा पोरगा. तेल काढायच्या शेडात, त्या पेट्रोलासारख्या रसायनापाशी. मी गाफील राहीन व्हय?"

सुकेशनीनं टेबलाखाली मोबाइल धरला आणि त्यात भरून आणलेला कंट्रोल रूमच्या गॅस-अलार्मचा आवाज लावला.

टीं टीं टीं. आश्रुबांनी मानसुद्धा वर केली नाही. उजव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा दाबलं आणि दुसरी खारी उचलली. "तर काय म्हणत होतो..."

"काका, आत्ता काय केलंत?"

"कुठं काय?"

तिनं पुन्हा लावला. पुन्हा बोट गेलं. या वेळी ते त्यांनाही दिसलं. ऐंशी स्लाइडमध्ये या बोटाची एकही नव्हती.

"पॅनलवरचं आवाज बंद करायचं बटन..." ते चाचरले. "दिवसभर उगंच वाजतंय ते. लय डोकं उठतंय. म्हणून..."

सुकेशनीनं नोंदींचा कागद पुढे सरकवला. "गेल्या सीझनला तुमच्या पाळीत गॅसचा अलार्म एकोणीस वेळा वाजला, काका. एकोणीसही वेळा तीन सेकंदांत बंद. खाली कुणी गेलंच नाही. त्यात दोनदा गॅस खरंच गळत होता."

आश्रुबांचं तोंड पांढरंफटक पडलं. खारी चहात कधी विरघळली, कळलंही नाही. त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला.

"जीवन, परवा कामावर जाऊ नको."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"का म्हून काय इचारतो?" आश्रुबा ओरडलेच. "आरं, पॅनलवर मी हाय!"